तुम्ही कॉपी म्हणालात ना?

“तमे कॉपी कह्युं हतुं ने, बेन?”

एवढंच विचारलं आमच्या व्हॉलंटियरांच्या प्रमुख बेननी. आवाज चढलेला नव्हता, कपाळावर आठीसुद्धा नव्हती. रात्रीचे साडेबारा झाले असतील. आरती होऊन गर्दी पांगायला लागली होती, मैदानाच्या कडेच्या दिव्यांखाली धुळीचा पिवळट पडदा तरंगत होता, आणि पायाखाली पाण्याच्या चेपलेल्या बाटल्या कुरकुरत होत्या. माझ्या हातातला वॉकी-टॉकी दिवसभराच्या फोनसारखा कोमट झाला होता. मी मान हलवली. हो, म्हटलं होतं.

झालं होतं ते असं. आमच्या बडोद्यात नवरात्रात ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो गरबा खेळतो आणि ज्याचे गेलेत तो व्हॉलंटियर होतो. मी गेल्या वर्षी दुसऱ्या गटात दाखल झाले. केशरी जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात सेट, आणि तीन नंबरचं गेट. साडेदहाच्या सुमारास मैदान ऐन रंगात आलेलं. हजारो माणसं एकाच चालीत गोल फिरत होती, ढोलाचा ठोका कानाआधी तळपायाला कळत होता. तेवढ्यात सेट खरखरला. “गेट तीन... माजी... लीली साडी... खुरशी...” मधलं सगळं ढोलाने खाल्लं. मग दोन सेकंद काहीच नाही. मग पुन्हा, जरा स्पष्ट, “गेट तीन, कॉपी?” मी बटण दाबलं आणि म्हणाले, “कॉपी.”

निरोप होता, की हिरव्या साडीतल्या एका आजींना तुमच्या गेटकडे पाठवतोय, मुलगा पार्किंगमधून गाडी काढून आणतोय, तोवर त्यांना खुर्चीवर बसवा, एकट्या बाहेर सोडू नका. मला वाटलं, कुठल्या तरी आजींना खुर्ची हवी आहे. कुणीतरी देईलच. आजी आल्या, माझ्याच समोरून आल्या. मी त्यांच्याकडे बघून हसले, “जय अंबे” म्हणाले, आणि बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली. पुढची चाळीस मिनिटं अख्ख्या चॅनेलवर फक्त हिरवी साडी होती. शेवटी रस्त्याच्या पलीकडे, कणसं भाजणाऱ्याच्या स्टुलावर सापडल्या. मजेत होत्या. अर्धं कणीस खाऊन झालं होतं, आणि निखाऱ्याला वारा कसा घालावा हे त्या गाडीवाल्याला शिकवत होत्या. मुलगा माझ्याच वयाचा, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. त्याने सगळ्यांना थँक यू म्हटलं. मलाही म्हटलं.

खरं तर त्या बेनच्या प्रश्नापेक्षा ते थँक यूच जास्त बोचलं.

सेट हातात देताना भाड्याने सेट देणाऱ्या पोराने आम्हाला दहा मिनिटांची शाळा घेतली होती. वय असेल बावीस, कानात बाळी, आणि बोलण्यात त्या यंत्राबद्दलचा असा अभिमान, जणू त्यानेच ते घडवलंय. बाजूचं मोठं बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तोंडापासून तीन बोटं लांब धरा, चावू नका. लाल दिवा म्हणजे तुमचं जातंय, हिरवा म्हणजे दुसऱ्याचं येतंय. आणि बोलून झालं की बटण सोडा, काकू, सोडायला विसरू नका, नाहीतर तुमच्या घरच्या गोष्टी सगळं मैदान ऐकेल. (पहिल्याच रात्री एका काकांचं बटण जाकिटाच्या खिशात दाबलं गेलं आणि चॅनेलवरच्या सगळ्यांना कळलं की त्यांच्या सुनेला फाफडा आवडत नाही.) कुणीतरी विचारलं, रेंज किती? तो हसला. “खोक्यावर लिहिलंय दहा किलोमीटर. तुम्ही दीड धरा. मध्ये बिल्डिंगा आल्या की एक.” फोन असताना हे खेळणं कशाला, असाही प्रश्न आला. त्याने नुसतं मैदानाकडे बोट दाखवलं. दहानंतर एवढी माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवायला लागली की टॉवर बसतो. हा सेट टॉवरला विचारतच नाही. इथून निघालं ते सरळ तिथे.

घरी येऊन मी त्या वस्तूबद्दल वाचायला लागले. अपराधी वाटायला लागलं की मी वाचते, ही माझी जुनी खोड. १९३७ साली कॅनडात डोनाल्ड हिंग्ज नावाच्या माणसाने रानावनात उतरणाऱ्या वैमानिकांसाठी उचलून नेता येईल असा रेडिओ बनवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या पाठीवर बांधायचा जो सेट आला, तो वॉकी-टॉकी. हातात मावणारा होता त्याला हँडी-टॉकी म्हणत. म्हणजे आपण सगळे ज्याला वॉकी-टॉकी म्हणतो तो खरा हँडी-टॉकी, पण आता हे कुणाला सांगायचं? आणि ‘रॉजर’ म्हणजे कुणी साहेब नव्हे. जुन्या अक्षरमालेत आर या अक्षराला रॉजर म्हणायचे, आणि आर म्हणजे रिसिव्हड्. मिळालं. नुसतं मिळालं. करतो, पटलं, हो बाई, यातलं काहीही त्यात नाही. ‘करतो’साठी वेगळा शब्द आहे, विल्को. ‘कॉपी’ त्याच्याही मागची, कट्ट-कडकट्टच्या जमान्यातली. तारेवरचे ठिपके-रेघा ऐकून तारबाबू कागदावर अक्षरं उतरवायचा, ती कॉपी. कॉपी म्हणजे उतरवून घेतलं.

मी काय उतरवून घेतलं होतं? माजी, साडी, खुरशी.

आमच्या काकांनी मला त्या रात्री नक्की विचारलं असतं, “काय कॉपी?” काका पाण्याच्या खात्यात होते आणि बरीच वर्षं आजव्याला, शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावावर होते. बडोदेकरांना आजवा म्हणजे काय हे सांगायला नको. पावसाळ्यात आपण आधी आजव्याची लेव्हल विचारतो आणि मग चहाला आधण ठेवतो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून आम्हा मुलांना श्रावणात चार दिवस तिकडे पाठवायचे. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत टेबलावर वायरलेस सेट. हिरवट पत्र्याचा डबा, मुठीएवढा काळा माइक, त्याची वेटोळ्यांची वायर, टेबलाखाली ट्रकची बॅटरी. त्या खोलीला आम्लाचा, ओल्या खाकीचा आणि काकांच्या तपकिरीचा मिळून एक वास होता. पाऊस जोर धरायला लागला की दर तासाला काका छत्री घेऊन पट्टी बघायला जायचे, येऊन पाय पुसायचे, चष्मा पुसायचे, आणि मगच माइक उचलायचे. “आजवा बोले छे.” पलीकडून खरखर, मग एक दमलेला आवाज. “लेव्हल बे एक एक पॉइंट चार. बे. एक. एक. पॉइंट. चार.” दोनशे अकरा असं सरळ कधी म्हणायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “अगं, खरखरीत दोनशे अकरा आणि दोनशे बारा सारखंच ऐकू येतं. आणि इथला एक फूट म्हणजे तिकडे कुणाचं तरी घर.” पलीकडच्या माणसाने तो आकडा परत म्हणायचा. त्याने परत म्हटला की काका “बराबर” म्हणायचे. बटण सुटताना सेटमधून ‘खस्स’ असा एक छोटा उसासा यायचा. त्या उसाशानंतरच काका रजिस्टर ओढून आकडा लिहीत. त्याआधी कधी लिहिला नाही.

ती सवय घरी आली नसती तरच नवल. काकूने सांगितलं, येताना दोन पाव आणि पाव किलो वाटाणे आणा, की काका दारात चपला घालताना म्हणायचे, “पाव दोन नग. वाटाणे पाव किलो.” काकूने “हो” म्हटल्याशिवाय पायरी उतरायचे नाहीत. आम्ही पोरं मागून ओरडायचो, “बराबर! ओव्हर!” आणि हसून लोळायचो. लग्नाच्या याद्या, डॉक्टरांच्या गोळ्या, रेल्वेची वेळ, सगळं दोनदा. काकू चिडायची, म्हणायची, “या घरात एक गोष्ट एकदा सांगून भागत नाही.” पण त्या घरात चुकीची भाजी आली, असंही कधी झालं नाही.

आमच्या गॅलरीसमोर सध्या एक उंच इमारत चढते आहे, अकोट्यात आता सगळीकडेच चढतायत. क्रेनवाला वर आभाळात, खालचं त्याला काही दिसत नाही. खाली लाल टोपीवाला एक मुकादम, हातात सेट. गजांची मोळी वर जाते तेव्हा हा अखंड बोलत असतो. “धीरे, धीरे, धीरे, धीरे, आने दे, आने दे, धीरे...” मला आधी वाटायचं, किती बडबड्या माणूस. एकदा खाली भाजी घेताना त्यालाच विचारलं. म्हणाला, “बोलत राहतो म्हणून तो फिरवत राहतो. माझा आवाज थांबला की त्याने हूक थांबवायचा. बॅटरी गेली, मी पडलो, काही झालं तरी.” गप्प बसणं म्हणजे थांब. तेव्हापासून दुपारी झोपायला आडवी झाले की तो ‘धीरे धीरे’चा जप मला त्रासदायक वाटत नाही. तो मध्येच थांबला की मात्र मी उठून बसते.

या यंत्रात एका वेळी एकानेच बोलायचं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर काय होतं, हे मला त्या पोराने सांगितलं आणि मी हसले. या सेटवर ज्याचा सिग्नल जोरदार त्याचंच ऐकू येतं. दुसरा बिचारा पूर्ण वाक्य बोलतो, बटण सोडतो, आणि समजतो आपलं पोचलं. मी म्हटलं, आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर आत्या आली की हेच होतं. पण विमानांच्या रेडिओची जात वेगळी, तिथे दोन आवाज एकमेकांवर आले की नुसती कर्कश शिट्टी वाजते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर, धुक्यात असंच झालं. एक जंबो जेट उड्डाणाच्या तयारीत, दुसरं त्याच धावपट्टीवर, आणि एकमेकांना दोघंही दिसत नाहीत. पहिल्या वैमानिकाचं बोलणं संपल्यावर टॉवरने ‘ओके’ म्हटलं आणि पुढे, थांबा, मी बोलावतो, असं सांगितलं. नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही बटण दाबलं गेलं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत म्हणून. पहिल्या विमानात ‘ओके’ ऐकू आलं, आणि मग शिट्टी. ५८३ माणसं गेली. त्यानंतर जगभर बोलायची शिस्त कडक झाली. उड्डाण हा शब्द खऱ्या परवानगीच्या वेळीच उच्चारायचा, आणि मिळालेला हुकूम नुसत्या ‘ओके’वर न सोडता परत म्हणून दाखवायचा. काकांच्या वाटाण्यासारखा.

माझ्या आजी आणि ते विमान यांची तुलना नाही, मला कळतं. त्या तर कणीस खात होत्या. पण ते ‘ओके’ वाचल्यावर मी मोबाइल पालथा ठेवला आणि बराच वेळ पंखा बघत बसले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमाराला आमच्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा हेच यंत्र मी फार जवळून पाहिलं होतं, पण तेव्हा त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. धोक्याची पातळी २६ फूट, आणि त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून सुखरूप, पण खाली पार्किंगमध्ये तपकिरी पाणी आणि त्यात लोकांच्या स्कूटरींचे फक्त आरसे वर. वीज नाही. फोन आधी अडखळले, मग मेले. रात्री पाण्यात काही डुबुक वाजलं की मासा की मगर यावर जिन्यात चर्चा. दुसऱ्या दिवशी दुपारी रबरी बोट आली. समोरच्या घरात डायलिसिसचे एक गृहस्थ होते, त्यांना न्यायला. बोटीतल्या जवानाच्या गळ्यात सेट, दुधाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीत घातलेला, तोंडाला रबरबँड. तो पिशवीवरूनच बटण दाबत होता. त्याने पत्ता सांगितला. पलीकडून आवाज आला, “फरी बोलो.” परत सांगा. त्याने सांगितला. “फरी बोलो.” वर गच्चीवरून माणसं ओरडत होती, पेशंटची मुलगी रडत होती, पाऊस चालू होता. त्याने तिसऱ्यांदा सांगितला, त्याच आवाजात, अक्षर न अक्षर सुटं करून, न चिडता. आणि मला आता त्याच्यापेक्षाही तो पलीकडचा माणूस आठवतो, न दिसलेला. एवढ्या घाईत, एवढ्या आरडाओरड्यात, त्याला दोनदा ‘परत सांगा’ म्हणायची लाज वाटली नाही.

मला का वाटली? मैदानावर कुणाचा जीव जात नव्हता. चॅनेलवर वीस-पंचवीस जण ऐकत होते, बहुतेक माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांच्यासमोर काकूंना ऐकू येत नाही असं ठरायला नको होतं, दुसरं काही नाही. फोनवर आपण ‘हो हो’ म्हणतो ते एकाच माणसाशी खोटं असतं. सेटवर म्हटलेलं ‘कॉपी’ सगळ्यांसमोर असतं. त्या सगळ्यांनी, तीन नंबरचं काम झालं, असं मनात धरून आपली पाठ वळवली होती.

काका शेवटची सहा वर्षं मांजलपूरला मुलाकडे होते. रोज संध्याकाळी सातला माझा फोन. मी तेव्हा बँकेतून नुकतीच आलेली असायची, फोन खांद्यात धरून कणीक मळत. ते आजवा, जुनी माणसं, कुठल्याशा साहेबाची बदली असं काहीतरी सांगत, आणि मी दर दहा सेकंदांनी “हो काका” म्हणत असे. बरोबर दहा सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखं. एकदा ते मध्येच थांबले. मी सवयीने “हो काका” म्हटलं. म्हणाले, “मी काय म्हणालो, चिमणे?” मी हसले. सांगता येईना. तेही हसले, म्हणाले, “असू दे, खरखर आहे आज.” आणि फोन ठेवला. पुढे त्यांच्याच कानांनी दगा दिला. यंत्र लावायला तयार नव्हते, त्याची शिट्टी वाजते म्हणायचे. मग एक दिवस लक्षात आलं, काकांनी परत म्हणणं सोडून दिलंय. मुलाने सांगितलं, गोळी जेवणानंतर, तर काका नुसते “हं” म्हणाले. सगळ्यालाच “हं”. काकू असती तर तिलाच ते सर्वांत आधी खटकलं असतं.

या प्रकरणानंतर आमच्या सोसायटीत मला उगाचच तज्ज्ञ समजायला लागलेत. सेक्रेटरींना वॉचमनसाठी दोन सेट घ्यायचे आहेत, ऑनलाइन स्वस्तात दिसतात. मी सांगितलं, जपून. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आणि अर्ध्या वॉटपर्यंतचा सेट, तोही मान्यताप्राप्त, तर लायसन्स लागत नाही. बाकी बहुतेक मोठ्या सेटना लागतं. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना याच कारणावरून नोटिसा काढल्या होत्या, लायसन्सचा पत्ता नसलेले सेट खेळण्यांसारखे विकले जात होते म्हणून. सेक्रेटरी “बरं बरं” म्हणाले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, पट्टा गेला, अर्धा वॉट गेला, फक्त ‘स्वस्त’ राहिलं.

गरब्याच्या शेवटच्या रात्री मी पुन्हा त्याच गेटवर होते. बेननी काढलं नाही मला, हा त्यांचा मोठेपणा, किंवा गुडघे गेलेली माणसं त्यांनाही कमी पडत असतील. साडेअकराला, ढोल अगदी डोक्यावर बसलेला असताना, सेट खरखरला. “गेट तीन... ॲक्टिवा... एम्ब्युलन्स... हटावो... नंबर...” मी बटण दाबलं, एक सेकंद थांबले. “फरी बोलो.” त्यांनी सांगितलं. मला फक्त शेवटचे दोन आकडे मिळाले. “बेन, फरी बोलो.” चॅनेलवर कुणीतरी तरुण आवाजात सुस्कारा सोडला, तो सगळ्यांना ऐकू गेला. माझे कान तापले. तिसऱ्यांदा बेन हळू बोलल्या, प्रत्येक आकडा वेगळा. मी ढोलाकडे पाठ केली, सेट कानाला दाबला, मग तोंडाशी आणला, तीन बोटं लांब.

“ॲक्टिवा निळी. सात. बे. नव. चार.”

खस्स. मग थोडा वेळ काहीच आलं नाही. ढोल चालू होता. समोरून केशरी जाकिटातली दोन पोरं गाड्यांच्या रांगेकडे धावत निघाली होती, पण मी जागेवरून हलले नाही, हिरव्या दिव्याकडे बघत राहिले.

“बराबर,” बेन म्हणाल्या.